पाडव्याला इथे अडतीस, तिकडे पाऊस: वसंत नेमका असतो कुठे?

जुळे सोलापूरमधल्या एका ताईंनी विचारले आहे: पाडवा झाला, पंचांगात वसंत लागला, पण इथे पारा अडतीसवर आहे. गुवाहाटीला राहणारी लेक फोनवर सांगते की रोज रात्री वादळ आणि पाऊस. दिल्लीत नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, सकाळी अजून छान गार असते. एप्रिलच्या मध्याला सगळ्यांनी मिळून काश्मीरला जायचे ठरले आहे. सासरी, पंढरपूर तालुक्यात, बेदाण्याचा माल अजून रॅकवर आहे. एकाच देशात, एकाच आठवड्यात इतकी वेगवेगळी हवा कशी? बरोबर काय न्यायचे? आणि बेदाण्यावर पाऊस येईल का?

ताई, प्रश्न तीन दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून ते आधी सांगतो. मार्च ते मे या काळात सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि देशभर जमीन तापू लागते. याला कुठलाही प्रांत अपवाद नाही. फरक पडतो तो बाष्पाने. तापलेल्या जमिनीवर जिथे बाष्प पोचते तिथे वसंत पाऊस-वादळ घेऊन येतो, आणि जिथे पोचत नाही तिथे फक्त ऊन आणि धूळ. म्हणून कुठल्याही गावचा वसंत समजून घ्यायचा तर या दिवसांत त्या गावाला वारा कुठून येतो आणि वाटेत तो समुद्रावरून येतो की रखरखीत जमिनीवरून, हे आधी विचारावे. सोलापूर, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा भागातल्या बागायतदारांना हवामानाचा सल्ला देताना मी रोज पहिल्यांदा वाराच पाहतो, तापमानाचा आकडा त्यानंतर.

तुम्हाला कदाचित नवल वाटेल, पण भारतीय हवामान विभागाच्या वर्षात वसंत नावाचा ऋतूच नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेला हा विभाग वर्षाचे चार भाग करतो: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ, जून ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर काळ. मला ही विभागणी पटते. मार्चमध्ये गुलमर्गला बर्फ पडत असतो त्याच दिवशी आपल्याकडे दुपारी रस्ते ओस पडलेले असतात. दोन्हींना एकच नाव देऊन शेतकऱ्याच्या उपयोगाचे काही हाती लागत नाही.

पंचांगातला चैत्र-वैशाखाचा वसंत आपल्याला उशिरा आल्यासारखा वाटतो, त्यालाही कारण आहे. मकर संक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो, पण सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो तो २१-२२ डिसेंबरलाच. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे शतकानुशतके साठत आलेला हा फरक आज तेवीस-चोवीस दिवसांचा आहे, आणि निरयन गणनेने, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने, मोजलेले ऋतूही तेवढेच मागे पडले आहेत. त्यात आपण दख्खनवर. उन्हाळा इथे उत्तरेच्या आधी लागतो. माझ्या मते सोलापूरचा खरा वसंत जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा उरकलेली असते, हुरड्याचे दिवस संपत येतात, पांगारा आणि काटेसावर फुलतात, पळसाला रंग येतो आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. पाडव्याला आणि आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांतल्या उगादीला कडुनिंबाचा मोहोर लागतो, तोपर्यंत आपला वसंत मागे गेलेला असतो.

अलीकडे हे चार-पाच आठवडेही आक्रसत चालले आहेत. देशाचा विचार केला तर २०२३ चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीने दिवस-रात्रीच्या एकूण सरासरीत तोच मान घेतला. ज्वारी पक्वतेला आलेली असताना किंवा द्राक्षात साखर भरत असताना दोन-तीन अंशांचा फरकही जाणवतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे जरा निवांत पाहू, कारण बेदाण्याच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मार्च-एप्रिल हा त्या शिखराकडे जाणारा चढ. आकाश निरभ्र, रानातली ज्वारी निघालेली, काळ्या जमिनीला भेगा पडू लागलेल्या, आणि सह्याद्रीच्या पूर्वेला असल्याने समुद्राची गार झुळूक इथवर पोचतच नाही. जमिनीत ओल असती तर उन्हाचा बराच भाग ती ओल वाळवण्यात खर्ची पडला असता. ओलच नसल्याने सगळे ऊन हवा तापवते. मार्चमध्ये दुपारचे सरासरी तापमान सदतीसच्या आसपास असते, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या आसपास. रात्री मात्र हवा कोरडी असल्याने उष्णता आकाशात निघून जाते. मार्चमध्ये पहाटे वीस-एकवीसपर्यंत पारा उतरतो.

बेचाळीस अंश झाले तरी उष्णतेची लाट का जाहीर करत नाहीत, असे लोक मला नेहमी विचारतात. निकष असा आहे की मैदानी भागात तापमान किमान ४० आणि शिवाय त्या दिवशीच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवे, किंवा मग थेट ४५ गाठलेले हवे. डोंगरी भागात हीच मर्यादा ३० आहे आणि किनाऱ्यावर ३७. आपली एप्रिलची सरासरीच चाळीसजवळची, म्हणून आपल्याला बेचाळीस ही लाट ठरत नाही. शरीराला ते बेचाळीसच असतात, हे मात्र विसरू नका. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणि डोक्याला ओले कापड ठेवावे, लाट जाहीर होवो वा न होवो.

या कोरड्या हवेनेच आपल्याला बेदाणा दिला आहे. तासगाव, पंढरपूर, पलीकडे विजयपूर, हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. डिपिंग करून, म्हणजे वाळवणीच्या द्रावणात बुडवून, रॅकवर टाकलेला माल साधारण बारा-पंधरा दिवसांत वाळतो तो फेब्रुवारी-मार्चच्या याच वाऱ्यावर. कोकणात हेच करायला गेले तर माल वाळण्याआधी बुरशी धरेल.

मग इतक्या कोरड्या मुलखात मार्च-एप्रिलमध्ये गारा कुठून पडतात? तर असे बघा. या महिन्यांत अरबी समुद्रावर एक आणि बंगालच्या उपसागरावर एक असे जास्त दाबाचे दोन प्रदेश असतात. पहिल्याच्या प्रभावाखाली आपल्याकडे वायव्येकडून वारा येतो, बहुतेक कोरडा. दुसऱ्याच्या कडेने उपसागरावरचे दमट वारे आग्नेयेकडून आंध्र-तेलंगणामार्गे आत शिरतात. हे दोन वारे जिथे समोरासमोर येतात तिथे विदर्भ-मराठवाड्यापासून उत्तर आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटकावरून तमिळनाडूपर्यंत एक लांब रेषा तयार होते. बातम्यांत 'द्रोणीय रेषा' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' म्हणतात ती हीच. ही रेषा एका जागी राहत नाही. ती पूर्वेला राहिली की सोलापूर कोरडे. ती आपल्या डोक्यावर किंवा आपल्या पश्चिमेला सरकली की उपसागराचे बाष्प आपल्या तापलेल्या जमिनीवर येते, दुपारी दोन-तीनला ढग उभे राहू लागतात आणि चार ते सातच्या दरम्यान वळीव कोसळतो.

अशा वेळी उत्तरेकडून एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेला येणारी वादळी प्रणाली, नेहमीपेक्षा खाली उतरला तर वरच्या थरात थंड हवा येते. खाली दमट आणि तापलेली, वर थंड, अशी रचना गारपिटीला पोषक. मार्चमध्ये गोठणबिंदूची पातळी, म्हणजे हवेचे तापमान शून्यावर येते ती उंची, मेच्या मानाने खाली असते, त्यामुळे गार जमिनीवर पोचेपर्यंत वितळत नाही. मेमध्ये ढग कितीतरी मोठे झाले तरी बहुतेक गारा वाटेतच विरघळतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती याच जुळणीतून, आणि ती एका दिवसात थांबली नाही, पुन्हा पुन्हा होत राहिली. द्राक्षाचे घड, डाळिंबाची फळे, काढून टाकलेली ज्वारी, सगळे त्यात सापडले. त्या वर्षीपासून आमच्या भागातला शेतकरी मार्चचा अंदाज जूनच्या अंदाजाइतक्याच गांभीर्याने विचारतो.

आता तुमच्या लेकीच्या गुवाहाटीकडे. तिथे बाष्पाची वाण नाही. बंगालच्या उपसागरावरून दक्षिणेचा वारा थेट बांगलादेशाच्या सपाटीवरून वर जातो, समोर मेघालयाचे डोंगर आणि त्यामागे हिमालय. वरच्या थरात मात्र पश्चिमेकडून, म्हणजे छोटा नागपूरच्या तापलेल्या पठारावरून, गरम आणि कोरडा वारा वाहत असतो. ही कोरडी हवा खालच्या दमट हवेवर झाकणासारखी बसते. दिवसभर खाली उष्णता आणि ओल साठत जाते आणि झाकण एकदा फुटले की साठलेले सगळे एकदम वर उसळते. झारखंड, ओडिशा, बंगालमध्ये याला काळबैशाखी म्हणतात. दुपारी पठारावर ढग तयार होतात, आग्नेयेकडे सरकतात आणि संध्याकाळी कोलकात्यावर येऊन आदळतात. पाऊण तासात पारा दहा अंशांनी खाली आलेला तिथल्या लोकांनी पाहिलेला असतो.

आसाममध्ये या वादळांना बोरदोईसिला म्हणतात. लोकसमजूत अशी की बिहूच्या सुमारास ती माहेरी निघते आणि जाताना झाडे, छपरे हलवत जाते. तिथली वादळे बरेचदा रात्री आणि पहाटे होतात, कारण रात्री डोंगरावरून उतरणारा गार वारा खोऱ्यातल्या दमट हवेला वर ढकलतो. लेक तुम्हाला 'रात्री' म्हणते ते म्हणूनच. आसामच्या वर्षभराच्या पावसापैकी जवळपास चौथा हिस्सा मार्च ते मे या तीन महिन्यांतच पडतो. आपला एवढा पाऊस जूनच्या आधी झाला तर आपण त्याला अवकाळी म्हणू, तिथे चहाची पालवी आणि भाताची रोपे त्याच्यावर अवलंबून असतात. दार्जिलिंगच्या चहाची पहिली तोडणीही मार्च-एप्रिलमधलीच.

लेकीला दोन गोष्टी सांगा. वीज कडाडत असताना गच्चीवर किंवा झाडाखाली थांबू नये, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केलेले 'दामिनी' ॲप फोनवर ठेवावे. जवळपास वीज पडत असेल तर ते सूचना देते. तुम्हीही ठेवा. आपल्या जिल्ह्यात वळिवाच्या दिवसांत रानात काम करणाऱ्या माणसांवर वीज पडण्याच्या घटना घडतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आडोसा म्हणून झाड निवडलेले असते.

तुम्ही सोलापूरहून दिल्लीला रेल्वेने जाणार असाल, कर्नाटक एक्स्प्रेसने वगैरे, तर प्रवासात एक गोष्ट जरूर पाहा. सोलापूर सोडून दौंड, नगर, मनमाड करत गाडी भुसावळला येते तेव्हा उन्हाचा चटका आपल्यापेक्षा जास्त असतो. एप्रिलच्या मध्याला देशातल्या उष्णतेचा गाभा खानदेश, विदर्भ, तेलंगण आणि मध्य प्रदेशात असतो. भोपाळ-झाशीपर्यंत तो साथ देतो. मे-जूनमध्ये हा गाभा वायव्येला, राजस्थानकडे सरकतो. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले ते या सरकण्याच्या ऐन भरात.

दिल्लीचा वसंत फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत. सेमल, म्हणजे आपली काटेसावर, तिथे आपल्यानंतर फुलते. मार्चची दुपार साधारण तीस अंशांची, एप्रिलची छत्तीस-सदतीसची, मेमध्ये चाळीस. म्हणजे मार्चमध्ये दिल्ली आपल्यापेक्षा कितीतरी सुखद असते आणि जूनच्या सुरुवातीला आपल्यापेक्षा कितीतरी वाईट. कारण साधे आहे. जून उजाडता तिथला दिवस जवळजवळ चौदा तासांचा होतो, आपला सव्वातेराच्या आतच राहतो, आणि आपल्याकडे त्या सुमाराला मान्सूनचे ढग जमू लागतात, दिल्लीला त्यासाठी आणखी काही आठवडे थांबावे लागते. मुलगा आज 'गार आहे' म्हणतो ते खरे, पण पुढच्या तीन आठवड्यांत त्याचे बोलणे बदलेल.

उत्तरेच्या मैदानात झंझावात येतात, पण खालची हवा कोरडी असल्याने पाऊस जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जातो. वाळताना तो हवेला गार करतो, ती जड होऊन खाली कोसळते आणि सुटी माती उडवत पुढे धावते. हीच तिथली आँधी. मे २०१८ च्या सुरुवातीला राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशा धुळीच्या वादळांत शंभराहून अधिक माणसे गेली. गुवाहाटीतल्या आणि दिल्लीतल्या वादळात फरक असेल तर तो मुख्यतः जमिनीलगतच्या बाष्पाचा.

उष्णता वेळेआधी आली तर काय होते याचे उदाहरणही उत्तरेतलेच. मार्च २०२२ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या मार्च महिन्यांत सर्वाधिक होते. पंजाब-हरियाणात गव्हाच्या दाण्यात दूध भरत असतानाच ती उष्णता आली आणि दाणा आकसला. त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली, त्यामागे युद्धामुळे चढलेले जागतिक भाव होते तसे हे घटलेले उत्पादनही होते.

काश्मीरचा वसंत मात्र पुस्तकातल्या वसंताशी जुळतो. तिथले लोक वर्षाचे सहा ऋतू मोजतात आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच्या ऋतूला सोंथ म्हणतात. मार्चमध्ये श्रीनगरच्या बदामवारीत बदाम फुलतो, एप्रिलमध्ये खोऱ्यात मोहरीची शेते पिवळी होतात आणि सफरचंदाला मोहोर येतो. आपल्याकडून जाणाऱ्यांची एक समजूत मात्र चुकीची असते: वसंत म्हणजे स्वच्छ ऊन. श्रीनगरमध्ये मार्च हा वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी आहे, आणि एप्रिलही फार मागे नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालला धडकतात. आपल्याला जसे जून ते सप्टेंबर, तसे काश्मीरला जानेवारी ते एप्रिल. मान्सूनचा वाटा तिथे तुलनेने थोडा.

एप्रिलच्या मध्याला श्रीनगरची दुपार वीस अंशांच्या आसपास, पहाट सात-आठची. पाऊस सुरू झाला की दुपारही दहा-बारावर येते, आणि गुलमर्गला बर्फ असतो. तेव्हा प्रत्येकाला एक चांगले जाकीट, आत घालायला स्वेटर, कानटोपी, पाणी न शिरणारे बूट आणि छत्री. आपल्याकडच्या चाळीस अंशांतून निघताना हे सामान भरायचा कंटाळा येतो, पण लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते हवेच. ट्युलिपची बाग बहुधा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडते आणि फुले तीन-चार आठवडे टिकतात. थंडी लवकर सरली तर आधीच उतरतात. तुमची तारीख त्या हंगामाच्या अखेरीची आहे, म्हणून पहिल्याच कोरड्या दिवशी बाग उरकून घ्या, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका.

जम्मू ते श्रीनगर रस्त्याने जाणार असाल तर रामबन-बनिहाल टापूत पावसात दरडी येतात आणि वाहतूक थांबते. २० एप्रिल २०२५ ला रामबनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झाले. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू आहे, तिचा विचार करा. आणि परतीचे विमान किंवा गाडी अगदी शेवटच्या तासाची न धरता मध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

दक्षिणेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण चित्र पुरे व्हायला थोडे सांगतो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकात दोन्ही बाजूंचा समुद्र जवळ, त्यामुळे मार्च ते मे दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो. कोडगू आणि चिक्कमगळूरुच्या कॉफीला फेब्रुवारी ते एप्रिलमधला असा एक चांगला पाऊस लागतो. तो पडला की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो, नाही पडला तर मोठे बागायतदार तुषार सिंचनाने तीच गरज भागवतात. ज्या सरीने पंढरपूरचा बेदाणेवाला हवालदिल होतो तिची कोडगूचा कॉफीवाला वाट पाहतो. केरळच्या किनारी भागात पारा छत्तीसच्या वर क्वचित जातो, मात्र घाम वाळत नाही. पालक्काडची गोष्ट वेगळी. तिथे सह्याद्रीत खिंड आहे, तमिळनाडूची कोरडी हवा त्यातून आत येते आणि तापमान चाळिशीला भिडते.

मुंबई-कोकणात सगळा खेळ समुद्रावरून येणारा वारा किती वाजता सुटतो याचा. तो अकरा-बाराला सुटला तर पारा बत्तीस-तेहेतीसवर थांबतो. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला आणि समुद्राचा वारा दुपारी दोननंतर आला, तर मार्चमध्येही मुंबईत अडतीस-चाळीस होतात.

आता रॅकवरचा बेदाणा. आज मी तुम्हाला 'पाऊस येईल' किंवा 'येणार नाही' असे तीन आठवड्यांचे उत्तर देणार नाही, आणि कुणी दिले तर त्यावर माल सोडू नका. वळिवाचा ढग आठ-दहा किलोमीटरचा असतो, एका गावाला झोडपतो आणि शेजारचे कोरडे राहते. पाच दिवस आधी कळते ते एवढेच, की जिल्ह्यात हवा वादळाला पोषक होत आहे. नेमके कुठे, हे रडारवर दोन-तीन तास आधी दिसते. म्हणून दोन पायऱ्यांनी चालायचे.

पहिली पायरी, हवामान विभागाचा पाच दिवसांचा जिल्हा अंदाज रोज संध्याकाळी पाहा. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत, पीकसल्ल्यासह मिळतो. त्यात द्रोणीय रेषा मराठवाड्यावरून किंवा मध्य महाराष्ट्रावरून जात असल्याचा उल्लेख आला, किंवा आपल्या जिल्ह्याला यलो अलर्ट लागला, की शेडच्या दोन्ही बाजूंचे पडदे, दोऱ्या आणि ताडपत्री तपासून घ्यायची आणि नवीन माल डिप करायचा थांबवायचा. ताजा डिप केलेला माल पावसात सापडला तर सर्वांत जास्त खराब होतो, कारण सालीवरचा मेणाचा थर सैल झालेला असतो आणि दमट हवेत तो काळा पडतो. चार दिवस उशीर झाला तर वेलीवरचा घड तेवढे सोसतो, मात्र गारपिटीचा इशारा असेल तर तयार घड आधी उतरवून शेडखाली आणणेच बरे.

दुसरी पायरी सकाळची. मी स्वतः दवबिंदू पाहतो, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान. तो जितका जास्त तितके हवेत बाष्प जास्त. कोरड्या दिवसांत तो आपल्याकडे दहाच्या आसपास असतो. तो चढत जाऊन अठराच्या वर गेला आणि वारा आग्नेयेचा झाला, तर त्या दुपारी मी सगळ्यांना सावध करतो. तुमच्याकडे मोजायचे साधन नसेल तर अंगाला कळते: पहाटेचा गारवा नाहीसा होतो, सकाळी आठलाच चिकचिक वाटते, सुकत घातलेले कपडे नेहमीपेक्षा उशिरा वाळतात, आणि दुपारी एकच्या सुमारास पूर्व किंवा दक्षिण क्षितिजावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसतात. असे दिसले की तीनच्या आत पडदे खाली. पाऊस गेल्यावर पडदे लगेच वर करा. आत कोंडलेली ओल पावसाइतकेच नुकसान करते.

सासरी ज्वारीचा कडबा अजून रानात पडला असेल तर तोही पेंढ्या बांधून गंजी लावून घ्या, भिजला की काळा पडतो आणि जनावर तोंड लावत नाही. आणि द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे फळ निघाल्यावरची छाटणी, झाल्यावर पुढचे चाळीस ते साठ दिवस स्वच्छ ऊन हवे असते, कारण पुढच्या वर्षीचे घड काडीत त्याच काळात ठरतात. २०२५ च्या मेमध्ये महाराष्ट्रात सारखे ढग आणि पाऊस होता, केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला मान्सून येऊन ठेपला. अशा वर्षी काडी पक्व करण्यासाठी पाणी आणि नत्र दोन्ही हात राखून द्यावे लागतात. शेंडे वेळेवर मारून विरळणी करावी लागते, म्हणजे जो काही प्रकाश मिळतो तो काडीच्या डोळ्यापर्यंत पोचतो.

प्रवासाला निघण्याच्या दोन दिवस आधी श्रीनगर आणि पंढरपूर, दोन्हींचा अंदाज एकत्र बघा. एखादा जोरदार झंझावात काश्मीरवर येत असेल तर त्याची शेपटी मध्य भारतापर्यंत पोचली आहे का, हे त्यात दिसेल. पोचली असेल तर गड्याला शेडवरच झोपायला सांगून मग निघा.